स्टेंट बसला, पण पुरेसा उघडला का? धमनीच्या आतून पाहणाऱ्या तंत्रांची पार्श्वभूमी

२०२४ मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने जुनाट करोनरी आजारासाठी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आजारासाठी, नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. लेफ्ट मेनमध्ये (डाव्या करोनरी धमनीच्या मुख्य खोडात), धमनीच्या फाट्यावर किंवा लांबलचक ब्लॉकेजमध्ये स्टेंट घालताना धमनीच्या आतून प्रतिमा घ्याव्यात, ही शिफारस त्यात पहिल्या वर्गात, म्हणजे सर्वांत ठाम पातळीवर आली. २०१८ मध्ये याच संस्थेने तिला एक पायरी खाली ठेवले होते. तंत्र मात्र १९९०च्या दशकापासून कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटचे काम चालते त्या खोलीत, हजर आहे. रुग्णाच्या इतक्या उपयोगाच्या गोष्टीला एवढा उशीर का झाला, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स महाधमनीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडणार होते. कॅथेटरचे (बारीक नळीचे) टोक चुकून उजव्या करोनरी धमनीत शिरले आणि डाय थेट तिथेच गेला. रुग्ण वाचला आणि करोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. आजही ब्लॉकेज शोधायचे पहिले साधन तेच आहे. पण अँजिओग्राफीत दिसते ते काय? डायने भरलेल्या पोकळीची क्ष-किरणांतली सावली. धमनीची भिंत त्यात दिसतच नाही. तळहात दिव्यासमोर आडवा धरला की सावली बारीक पडते, सरळ धरला की रुंद. तसेच लांबट आकाराची पोकळी एका कोनातून मोकळी आणि दुसऱ्या कोनातून अरुंद भासते.

त्याहून मोठी अडचण सीमोर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिली. शवविच्छेदनातून मिळालेल्या १३६ लेफ्ट मेन धमन्या त्यांनी तपासल्या. मेदाचा थर साचत जातो तशी धमनी बाहेरच्या बाजूने फुगते, आणि आतली पोकळी बराच काळ जशीच्या तशी राहते. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापल्यावरच पोकळी आक्रसू लागते. म्हणजे अँजिओग्राफीत निर्दोष दिसणारा भागही आतून चांगलाच रोगट असू शकतो. स्टेंटची लांबी-रुंदी ठरवताना शेजारचा ‘निरोगी’ भाग माप म्हणून घेतात, त्यामुळे ही बाब केवळ शास्त्रीय कुतूहलाची राहत नाही.

दरम्यान उपचार पुढे निघून गेले होते. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ च्या सप्टेंबरमध्ये झुरिकला पहिली करोनरी अँजिओप्लास्टी केली. फुग्याने उघडलेली धमनी कधी लगेच मिटे, कधी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला जाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिश सिग्वार्ट यांनी धातूच्या जाळीचे पहिले स्टेंट माणसाच्या करोनरी धमनीत बसवले.

मग गुठळ्यांचे संकट आले. १९९१ मध्ये पॅट्रिक सेरूइस आणि सहकाऱ्यांनी पहिल्या १०५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या २४ टक्के रुग्णांचे स्टेंट पूर्ण बंद झाले होते. रक्त गोठू नये म्हणून रुग्णांना हेपॅरिन, वॉरफॅरिन, अ‍ॅस्पिरिन असा औषधांचा भडिमार होऊ लागला. त्यामुळे रक्तस्राव वाढले आणि रुग्णालयातला मुक्कामही लांबला. १९९४ च्या बेनेस्टेंट चाचणीत स्टेंटच्या रुग्णांना सरासरी साडेआठ दिवस राहावे लागले, नुसत्या फुग्याच्या रुग्णांना तीन. धातू रक्तात आला की गुठळी होणारच, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

हे गृहीतक मोडायला मदत झाली ती ध्वनीची. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला क्लास बॉम यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच टोकावर ३२ सूक्ष्म घटक बसवलेले अल्ट्रासाउंड कॅथेटर बनवले होते, पण ते हृदयाच्या कप्प्यांसाठी होते. करोनरी धमनीत मावेल इतके बारीक साधन १९८०च्या दशकात पॉल यॉक आणि इतरांच्या प्रयत्नांतून तयार झाले. कॅथलॅबमध्ये त्याला आयव्हस म्हणतात. जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरच्या टोकातून ध्वनिलहरी सुटतात, भिंतीच्या प्रत्येक थरावरून परततात आणि पडद्यावर धमनीचा आडवा छेद उमटतो. कॅथेटर हळूहळू मागे ओढले की छेदामागून छेद मिळत जातात. पोकळी, मेदाचा थर, धमनीची खरी बाह्यरेषा, सगळे मोजता येते. कॅल्शियमचेच पाहा: १९९५ मध्ये गॅरी मिंट्झ यांच्या गटाने ११५५ ब्लॉकेज तपासले, तेव्हा आयव्हसला ७३ टक्क्यांत कॅल्शियम दिसले, अँजिओग्राफीला ३८ टक्क्यांत. कडक कॅल्शियमवर आधी उपाय केला नाही तर तिथे स्टेंट पूर्ण उघडत नाही.

या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण माझ्या मते मिलानमध्ये आले. अँतोनिओ कोलोंबो यांनी स्टेंट बसवल्यावर आयव्हस आत घातले. अँजिओग्राफीत उत्तम दिसणारे अनेक स्टेंट प्रत्यक्षात अर्धवट उघडले होते. काहींच्या तारा भिंतीला टेकलेल्याही नव्हत्या. त्यांनी फुग्याचा दाब वाढवला, गरज पडली तिथे मोठा फुगा वापरला, आणि स्टेंट पुरता उघडल्याची आयव्हसने खात्री करून घेतली. मग वॉरफॅरिन न देता रुग्णांना घरी सोडले. ३५९ रुग्णांचे हे काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुठळ्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिले. दोष धातूचा कमी आणि बसवण्याच्या पद्धतीचा जास्त होता.

विचित्र गोष्ट अशी, की या यशामुळेच आयव्हस मागे पडले. उच्च दाबाने स्टेंट फुगवायची सवय सगळीकडे लागली. १९९६ मध्ये जर्मनीतल्या आयसार चाचणीने अ‍ॅस्पिरिन आणि टिक्लोपिडिन ही जोडी जुन्या औषधांपेक्षा सरस ठरवली. दाब आणि गोळ्या पुरेशा आहेत, मग खर्चिक कॅथेटर कशाला, असा हिशेब झाला. २००१ च्या ऑप्टिकस चाचणीत ५५० रुग्णांत आयव्हसचा फायदा दिसला नाही, त्याने या मताला बळ मिळाले. पुढे औषधलेपित स्टेंट आले, धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण एकदम घसरले, आणि आत डोकावण्याची निकड आणखी कमी वाटू लागली. जपानने मात्र आयव्हस सोडले नाही. तिथल्या विमा व्यवस्थेत त्याचा खर्च मिळत असल्याने ते रोजच्या कामाचा भाग बनले.

प्रकाशाचे तंत्र वेगळ्या वाटेने आले. १९९१ मध्ये एमआयटीतल्या जेम्स फुजिमोतो यांच्या प्रयोगशाळेतून डेव्हिड ह्वांग आणि सहकाऱ्यांनी ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी म्हणजे ओसीटी मांडली. डोळ्यांच्या दवाखान्यात ती आता सर्वांच्या ओळखीची आहे, पण त्या पहिल्या लेखात डोळ्याच्या पडद्याशेजारी करोनरी धमनीचीही प्रतिमा होती. ओसीटीचा बारकावा १० ते १५ मायक्रॉनचा, आयव्हसच्या साधारण दहापट. त्यामुळे स्टेंटची एकेक तार, तिच्याखाली राहिलेली फट, भिंतीला गेलेली चीर, चिकटलेली गुठळी स्पष्ट दिसते. पण प्रकाश एक-दोन मिलिमीटरपलीकडे पोहोचत नाही आणि रक्तातून आरपार जात नाही. सुरुवातीला फुग्याने रक्तप्रवाह थांबवावा लागे. २००९-१० च्या सुमारास वेगवान यंत्रे आली, आणि डायने रक्त क्षणभर बाजूला सारून काही सेकंदांत प्रतिमा घेणे शक्य झाले. मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णात हा जादा डाय विचारात घ्यावाच लागतो; तिथे आयव्हस सोयीचे.

पारडे फिरले ते अवघड ब्लॉकेजवरच्या चाचण्यांनी. साध्या, छोट्या ब्लॉकेजमध्ये अँजिओग्राफीवरही काम चांगले होते, म्हणून जुन्या चाचण्यांत फरक दिसणे कठीणच होते. २०१५ मध्ये कोरियातल्या आयव्हस-एक्सपीएल चाचणीत लांब ब्लॉकेजचे १४०० रुग्ण घेतले. एका वर्षात गंभीर घटना (हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा त्याच जागी पुन्हा उपचार) ५.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आल्या. २०२३ मध्ये तिथल्याच रिनोव्हेट चाचणीत गुंतागुंतीच्या ब्लॉकेजचे १६३९ रुग्ण होते, घटनांचे प्रमाण नुसत्या अँजिओग्राफीवर १२.३ टक्के, आतून प्रतिमा घेतल्यावर ७.७ टक्के. त्याच वर्षी युरोपातल्या ऑक्टोबर चाचणीने फाट्यावरच्या ब्लॉकेजमध्ये ओसीटीचा फायदा दाखवला. इल्युमियन-४ चा निकाल मात्र वेगळा लागला: २४८७ रुग्णांत ओसीटीने स्टेंटचे क्षेत्रफळ वाढले, स्टेंटमधल्या गुठळ्याही कमी झाल्या, पण एकूण घटनांत ठोस फरक पडला नाही. तो निकाल बाजूला सारता येत नाही. तरीही सगळ्या चाचण्या एकत्र ठेवल्या की कल स्पष्ट आहे, आणि २०२४ च्या शिफारशीचा पाया तोच आहे.

या चाचण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. २०१८ च्या चीनमधल्या अल्टिमेट चाचणीत आयव्हस गटातल्याही साधारण निम्म्याच रुग्णांत स्टेंट ठरवलेल्या सर्व निकषांवर उतरला. त्यांच्यात एका वर्षात १.६ टक्के घटना घडल्या. आयव्हस वापरूनही निकष अपुरे राहिले त्यांच्यात ४.४ टक्के. छेदात कमतरता दिसल्यावर पुन्हा फुगा फुगवायचा की ‘चालेल’ म्हणून थांबायचे, हा निर्णय डॉक्टरांच्या हातात राहतो. म्हणूनच अलीकडच्या चाचण्यांचे आराखडे नुसते ‘इमेजिंग वापरा’ म्हणत नाहीत. लेफ्ट मेनबाहेर स्टेंटचे किमान क्षेत्रफळ आयव्हसवर ५.५ चौरस मिलिमीटरच्या वर हवे, ओसीटीवर ४.५ च्या वर, किंवा शेजारच्या पोकळीच्या निदान ८० टक्के, असे आकडे २०१८ च्या युरोपीय तज्ज्ञमतात लिहून ठेवलेले आहेत, आणि कॅथलॅबच्या पडद्यावर ते तिथल्या तिथे ताडून पाहता येतात.