मूळ चाकांवर रुंद टायर की चाकंच रुंद?

स्पोर्ट्स कारची ग्रिप वाढवायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: रुंद टायर टाक. पण या सल्ल्यात दोन वेगळी कामं दडलेली आहेत. एक म्हणजे गाडीबरोबर आलेली चाकं तशीच ठेवून त्यांवर थोडा रुंद टायर चढवणं. दुसरं म्हणजे चाकंच रुंद घेऊन त्यांना साजेसा टायर बसवणं. दोन्हीकडे साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, २२५ (रुंदी, मिलिमीटरमध्ये) छापलेलं असू शकतं, म्हणून गाडीतही फरक सारखाच पडेल असं वाटतं. तसं होत नाही.

२०१२ साली बाजारात आलेली टोयोटा जीटी ८६ घ्या. तिच्या बहुतेक आवृत्त्यांना १७ इंची, ७ इंच रुंद चाकं आणि २१५/४५ आर १७ टायर मिळायचे (२१५ मिलिमीटर रुंदी, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, चाकाचा व्यास १७ इंच). त्या काळच्या प्रियस हायब्रिडच्या १७ इंची चाकांवरही हेच माप असायचं. त्यावरून बरीच थट्टा झाली, पण मुख्य अभियंते तेत्सुया तादा यांनी ग्रिप मुद्दाम मर्यादित ठेवली होती. गाडीचा मागचा भाग सहज, आटोक्यात सरकावा हाच हेतू होता. तरीही मालकांना २२५ चा मोह होतोच.

आता हिशेब बघा. छापलेली रुंदी ही हवा भरलेल्या टायरची एका साइडवॉलपासून दुसरीपर्यंतची रुंदी असते, आणि ती प्रत्येक मापासाठी ठरवून दिलेल्या रुंदीच्या रिमवर, म्हणजे टायर बसतो त्या धातूच्या चाकावर, मोजतात. २१५/४५ साठी ती रिम ७ इंची, तर २२५/४५ साठी साडेसात इंची. रिम अर्ध्या इंचाने बदलली की टायरची रुंदी साधारण ५ मिलिमीटरने बदलते. म्हणजे मूळ ७ इंची रिमवर चढवलेला २२५ प्रत्यक्षात २२० च्या आसपास भरतो. १० मिलिमीटरचे पैसे मोजले, हाती आले ५. तेही साइडवॉलच्या फुगवट्यावर मोजलेले. ट्रेड, म्हणजे टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा, तेवढा वाढेलच असं नाही. तोच टायर ८ इंची रिमवर २३० च्या जवळ जातो.

यापेक्षा महत्त्वाचा भाग टायरच्या आकाराचा आहे. रिम अरुंद असली की दोन्ही बीड (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडा) एकमेकांच्या जवळ ओढले जातात, साइडवॉलचं पोट बाहेर येतं आणि ट्रेडला मधोमध किंचित कमान येते. मग भार मधल्या पट्ट्यावर जास्त पडतो आणि कडा आळसावतात. वळणावर रिम आधी हलते, ट्रेड मागून येतो. स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली यांत एक बारीकशी ढिलाई जाणवते. रुंद रिमवर साइडवॉल बरीचशी उभी राहते, त्यामुळे तोच टायर हाताला लगेच उत्तर देतो. रुंद टायरमुळे गाडी धारदार झाली असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांनी रिमही बदललेली असते, फक्त श्रेय टायरला दिलेलं असतं.

टायर रुंद झाला म्हणजे रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढतं, हाही असाच एक समज. ते मुख्यतः चाकावरचा भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. रुंदीने बदलतो तो त्या ठशाचा आकार: आडवा वाढतो, लांबीला कमी होतो. वळणावर हा आकार फायद्याचा असतो. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगायला लागतो.

प्रत्येक मापाला किमान आणि कमाल रिमही ठरलेली असते. २२५/४५ आर १७ साठी ती साधारण ७ ते साडेआठ इंच, म्हणजे जीटी ८६ चं मूळ चाक अगदी काठावर बसतं. २३५/४५ ला किमान साडेसात हवी. २४५/४० ला ८ हवी, आणि नेमका हाच आकडा फसवतो, कारण त्याचा बाहेरचा व्यास मूळ टायरशी जवळपास जुळतो (६२८ आणि ६२५ मिलिमीटर). यंत्रावर तो ७ इंची रिमवर चढेलही, पण चढला म्हणजे चालला असं नव्हे. हवा कमी असताना जोरात वळण घेतलं तर बीड जागेवरून सुटण्याचा धोका असतो. उत्पादकाच्या तक्त्यात जी रिम नाही, त्या रिमवर तो टायर घालू नये. यात तडजोडीला जागा नाही.

मूळ चाकांच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: ऑफसेट (चाकाची मध्यरेषा आणि गाडीला जोडला जाणारा त्याचा पृष्ठभाग यांतलं अंतर) बदलत नाही. टायर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर सरकतो, त्यामुळे आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला) किंवा बाहेर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासण्याची शक्यता कमी. ८ इंची चाक मूळच्याच ईटी ४८, म्हणजे ४८ मिलिमीटर ऑफसेटने घेतलं, तर रिमची प्रत्येक कड सुमारे १३ मिलिमीटर सरकते, आणि आतल्या बाजूला स्ट्रट वाट बघत असतो. ऑफसेट कमी करून चाक बाहेर काढलं की फेंडरचा प्रश्न येतो, शिवाय स्टिअरिंगची भूमिती बदलते आणि रस्त्यावरच्या चाकोऱ्या गाडीला ओढू लागतात. चाक हलक्या बनावटीचं नसेल तर वजन वाढतं, ते वेगळंच.

व्यासाची काळजी २२५/४५ मध्ये फारशी नाही. तो ९ मिलिमीटरने, म्हणजे सुमारे दीड टक्क्याने मोठा. स्पीडोमीटर सहसा वेग थोडा वाढवूनच दाखवतो, त्यात हे खपून जातं. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये.

माझं मत विचाराल तर मूळ ७ इंची चाकं ठेवायची असतील, तर २१५ च ठेवा आणि पैसे चांगल्या रबराच्या टायरवर घाला. कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, बदलल्याने जेवढी ग्रिप येते, तेवढी त्या ५ मिलिमीटरमधून येत नाही. २२५ चांगल्या कंपाउंडमध्ये सहज मिळत असेल तर तो जरूर घ्या, पण त्याच्याकडून धार वाढण्याची अपेक्षा धरू नका. २३५ किंवा २४५ मनात असेल, तर आधी चाकांचा शोध घ्यावा लागेल, आणि त्याहीआधी गाडी सपाट जागी उभी करून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून, आतबाहेर किती जागा शिल्लक आहे ते मोजावं लागेल.