१९६४ चे फोटो आणि १९७९ नंतरची मोजणी: समुद्री बर्फाच्या दोन वेगळ्या नोंदी

ध्रुवांवरच्या समुद्री बर्फाचा जवळजवळ कुठलाही आलेख पाहा, रेघ १९७९ च्या आसपास सुरू होते. त्याआधी उपग्रहच नव्हते, असं काहींना वाटतं. काही जण तर म्हणतात, त्या वर्षी बर्फ जास्त होता म्हणून मुद्दाम तिथून सुरुवात केली. दोन्ही समज चुकीचे आहेत.

नासाचा निंबस-१ हा उपग्रह ऑगस्ट १९६४ मध्ये सुटला आणि जेमतेम महिनाभर चालला. त्यावरचा कॅमेरा होता ढग टिपण्यासाठी. बर्फ त्यात आपसूक आला. पुढे कित्येक दशकांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी फिल्मची ती जुनी रिळं स्कॅन करून बर्फाची कड शोधली. पण फोटोत ढगही पांढरा आणि बर्फही पांढरा. मग ओळखायचं कसं? एकाच जागेचे लागोपाठच्या दिवसांचे फोटो शेजारी ठेवायचे. ढग सरकतो, बर्फाची कड बहुतांशी जागेवर राहते. हे काम डोळ्यांनी, चिकाटीने करावं लागतं, आणि ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत या कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही.

ऑक्टोबर १९७८ मध्ये सुटलेल्या निंबस-७ पासून पद्धतच बदलली. त्यावरचं उपकरण फोटो काढत नव्हतं. पृष्ठभागातून आपोआप बाहेर पडणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी ते वेगवेगळ्या वारंवारितांवर मोजायचं. या लहरींमध्ये बर्फ पाण्यापेक्षा बराच ‘उजळ’ दिसतो. अंधाराची अडचण नाही, ढगांचीही फारशी नाही. निंबस-५ वरून १९७२ नंतर असा प्रयोग झाला होता, पण तो एकाच वारंवारितेवर. तरीही १९७४ ते १९७६ च्या हिवाळ्यांत अंटार्क्टिकाच्या वेडेल समुद्रात बर्फाच्या मधोमध उघडं पडलेलं प्रचंड पाणी त्यानेच दाखवलं.

नवी नोंद म्हणजे बिनचूक, असंही नाही. या मोजणीवरून बनणाऱ्या नेहमीच्या नकाशातला एक चौकोन साधारण २५ किमी बाजूचा, म्हणजे ६२५ चौ. किमी. त्यात १५ टक्के बर्फ असला, म्हणजे जेमतेम ९४ चौ. किमी, तरी ‘विस्तार’ मोजताना अख्खा चौकोन बर्फाचा धरतात. उन्हाळ्यात बर्फावर साचलेली डबकी उपकरणाला उघड्या समुद्रासारखी वाटतात.

मग १९७९ च का? माझ्या मते खरा मुद्दा सातत्याचा आहे. १९८७ मध्ये निंबस-७ चं उपकरण बंद पडण्याआधी पुढचा उपग्रह कामाला लागला होता. काही आठवडे दोघांनी एकच बर्फ पाहिला, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवता आले. १९६४ चे फोटो आणि १९७९ ची मोजणी यांच्यात असा दुवा नाही. म्हणून दोन्ही एकाच रेघेत जोडणं धोक्याचं आहे. जुना आकडा त्याच्या त्रुटीच्या मर्यादेसह वेगळाच मांडावा.

म्हणून तो टाकून द्यायचा का? मुळीच नाही. या फोटोंवरून सप्टेंबर १९६४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ सुमारे १ कोटी ९७ लाख चौ. किमी निघाला, चार लाख इकडे-तिकडे. निंबस-२ च्या फोटोंनुसार ऑगस्ट १९६६ मध्ये तो सुमारे १ कोटी ५९ लाखच होता. महिने वेगळे आहेत हे खरं, पण दोन वर्षांत दक्षिणेकडचा बर्फ इतका हेलकावे खाऊ शकतो, हे १९७९ पासूनच्या रेघेत शोधून सापडलं नसतं.