लैंगिक अत्याचार : ओळख आणि मदत (सातारा-सांगली परिसर)

संमती नसताना, धाक दाखवून, फसवून किंवा समोरची व्यक्ती नशेत अथवा बेशुद्ध असताना केलेले लैंगिक वर्तन म्हणजे लैंगिक अत्याचार. नको तिथे हात लावणे, चोरून चित्रीकरण करणे, बलात्कार हे सारे त्यात येते. बोलताना मात्र त्याचे सरळ नाव कुणी घेत नाही. 'त्यानं तिचा हात धरला', 'अतिप्रसंग झाला', 'अब्रू गेली' असे म्हटले जाते. यातला शेवटचा शब्दप्रयोग सर्वांत घातक आहे. गुन्हा करणारा त्यात दिसतच नाही, गमावते ती फक्त बाई.

'ओरडली का नाहीस?' हा प्रश्न घरातले, शेजारचे, कधी पोलीसही विचारतात. भीतीने अंग ताठरते, वाचा बसते. ते ठरवून होत नाही. प्रसंगाचा क्रम विस्कटतो, पण पत्र्यावर वाजणारा पाऊस किंवा एखादा वास लख्ख आठवत राहतो. त्यामुळे जबाब तुटक असला म्हणजे ती खोटे बोलते असे होत नाही. विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत ही बाब सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींच्या बाजूने धरली. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार, प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येत नाही.

पत्नी १८ वर्षांवरील असेल तर नवऱ्याच्या जबरदस्तीला कायदा अजूनही बलात्कार म्हणत नाही, ही त्यातली मोठी उणीव. तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येते. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा (२०१२) लागू होतो.

अशा प्रसंगानंतर मुलगी घरी पोचताच आई पाणी तापवते, लेकीला न्हाऊ घालते, कपडे भिजत टाकते. मायेपोटी केलेल्या या गोष्टीने पुरावा धुऊन जातो. जमल्यास आंघोळ थांबवावी. कपडे न धुता, ओले असतील तर सावलीत वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा खराब होतो. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जावेच. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधे जितकी लवकर, तितकी चांगली. एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. खासगी रुग्णालयालाही तातडीने आणि मोफत उपचार द्यावेच लागतात. आधी पोलिसांत जाऊन या, असे सांगता येत नाही. तपासणी तिच्या संमतीनेच होते. 'टू फिंगर टेस्ट' (योनीत दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी) करणे म्हणजे गैरवर्तन, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे.

ऊस हंगामात मराठवाड्यातून तोडणी टोळ्या या दोन्ही जिल्ह्यांत येतात. उसाच्या फडाजवळच्या कोपीला, म्हणजे त्यांच्या झोपडीला, ना दार ना कडी. टोळीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) डोक्यावर असलेल्या बाईने बोलायचे कुणाकडे? हंगाम संपला की ती गावी परत जाते. तिच्यासाठी 'झिरो एफआयआर' मोलाचा आहे. घटना सांगली जिल्ह्यातली असली तरी बीडमधल्या ठाण्याने तक्रार नोंदवून पुढे पाठवायची असते. उशीर झाला म्हणून तक्रार नाकारता येत नाही. अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईचे उत्पन्न न पाहता मोफत वकील देते (हेल्पलाइन १५१००); अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचे अर्थसाहाय्यही तिथूनच मंजूर होते.

बलात्काराचा खटला बंद दाराआड चालतो. तिची ओळख उघड करणे हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचे नाव किंवा फोटो टाकणाराही त्यातून सुटत नाही.