परवानगी दिली, तरी लेख का उडाला?

"मजकूर आमच्याच संकेतस्थळावरचा आहे, मग चोरी कसली?" विकिपीडियावरून कंपनीचा लेख उडाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. अशा लेखाला बहुधा दोन दुखणी एकदम जडलेली असतात, नकल-डकव (कॉपी-पेस्ट) आणि जाहिरातबाजी. दोन्ही एकाच परिच्छेदात दिसतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

इंग्रजी विकिपीडियाने तर दोघांना वेगवेगळे क्रमांक दिलेत. तडकाफडकी वगळण्याच्या निकषांत 'जी ११' म्हणजे उघड जाहिरात आणि 'जी १२' म्हणजे उघड प्रताधिकारभंग (कॉपीराइटचा भंग).

एक वाक्य घेऊ: '१९८७ साली लावलेल्या छोट्याशा रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.' (महाराष्ट्रात असा वटवृक्ष न झालेली कंपनी शोधावीच लागेल.) हे कंपनीच्या संकेतस्थळावरून जसंच्या तसं उचललं तर दोन्ही दोष लागतात. तेच 'इवल्याशा बीजातून डेरेदार वृक्ष बहरला' असं फिरवून लिहिलं, तर फार तर नकलेचा आरोप सौम्य होईल. जाहिरात तशीच राहिली. 'कंपनीची स्थापना १९८७ साली झाली' असं लिहिलं की दोन्ही दोष गेले. प्रताधिकार शब्दरचनेवर असतो, स्थापनेच्या सालावर नाही.

आता उलट बाजू. कंपनीला तोटा झाल्याची वर्तमानपत्रातली रुक्ष बातमी कोणी शब्दशः डकवली, तर तिच्यात कौतुकाचा लवलेशही नसतो. तरीही ती जाते, कारण शब्द त्या वर्तमानपत्राचे आहेत.

परवानगीचं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. विकिपीडियाचा मजकूर 'सीसी बाय-एसए ४.०' परवान्याखाली असतो: कोणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा, फक्त श्रेय द्यावं आणि बदललेला मजकूर त्याच अटींवर खुला ठेवावा. त्यामुळे 'विकिपीडियाने वापरायला आमची हरकत नाही' एवढं लिहून भागत नाही. आपला मजकूर उद्या प्रतिस्पर्ध्याने बदलून विकला तरी चालेल, हे मान्य करावं लागतं, आणि तेही हक्कधारकाने अधिकृत ईमेलवरून कळवून किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर तसा परवाना जाहीर करून. बरं, एवढं सगळं केलंत तरी सुटतो तो फक्त प्रताधिकाराचा प्रश्न. वटवृक्ष जागच्या जागी उभा असतो.

दुरुस्तीतही फरक आहे. जाहिरातीची विशेषणं कोणीही संपादक खोडू शकतो. जुनी आवृत्ती पानाच्या इतिहासात राहिली तरी फारसं बिघडत नाही. नकललेला मजकूर मात्र इतिहासात उघडा राहिला तर उल्लंघन चालूच राहतं. म्हणून प्रचालकांना (जादा अधिकार असलेल्या संपादकांना) त्या जुन्या आवृत्त्याही झाकाव्या लागतात आणि इतिहासात एकही स्वच्छ आवृत्ती नसेल तर बहुधा पूर्ण पानच वगळलं जातं.

एजन्सीकडून लिहून घेण्याची वाट अनेकजण धरतात. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने आपण कोणासाठी लिहितो हे जाहीर केलंच पाहिजे, अशी अट २०१४ पासून विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या वापर-अटींत आहे. पुढच्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियाने छुप्या सशुल्क संपादनाच्या एकाच प्रकरणात ३८१ खाती बंद केली.

दोन्ही दोष निघाले तरी उल्लेखनीयतेचा प्रश्न उरतोच: कंपनीशी संबंध नसलेल्या कोणी तिच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का? इथे कात्रणांची फाईल पुढे येते. पण कंपनीची एकच प्रेसनोट तीन वर्तमानपत्रांनी जशीच्या तशी छापली असेल, तर त्या तिन्ही कात्रणांत बोलतेय ती कंपनीच.