वालाच्या मुळावरची गुलाबी गाठ

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाची मुरबाडजवळ वडिलोपार्जित 20 गुंठे जमीन आहे. यंदा तिथे घरापुरता सेंद्रिय भात आणि त्यावर वाल घ्यायचं ठरलं. कुंपण, बियाणं, मजुरी, सगळं वहीत मांडलेलं. खताच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता: जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत. तिथे मी अडले.

नेहमीची कृती घ्या. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. हे एका एकराला. पिकाला सगळ्यात जास्त लागतं ते नत्र, म्हणजे नायट्रोजन. शेणात ते अर्धा टक्का धरलं तर झालं 50 ग्रॅम. गोमूत्र आणि बेसन मिळवूनही बेरीज पाव किलोच्या आसपास. सुधारित भाताला शिफारस आहे हेक्टरी 100 किलोची, म्हणजे एकराला 40 किलो. देशी गाईच्या शेणात दैवी शक्ती असते, असं म्हणून ही तूट भरत नाही. नत्र हे मूलद्रव्य आहे, ते वजनात मोजतात. नुसत्या शेणखतावर भागवायचं तर 20 गुंठ्यांना, म्हणजे अर्ध्या एकराला, चार टन लागेल, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी थोडंच पिकाच्या वाट्याला येतं.

नत्राचा खरा साठा हवेत आहे, तब्बल 78 टक्के. पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना हा बंध तोडायला 400 ते 500 अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. वालाच्या मुळावरची मुगाच्या दाण्याएवढी गाठ तेच काम थंड मातीत करते!

हे कसं होतं ते मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं. मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. ती ओळखून रायझोबियम जिवाणू उलट रासायनिक खूण पाठवतात, मूलरोम, म्हणजे मुळावरचा केसासारखा धागा, आकड्यासारखा वळतो, जिवाणू आत शिरतात आणि गाठ तयार होते. आतलं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे, निदान 16 रेणू खर्च करतं. एवढी ऊर्जा मिळवायला जिवाणूंना श्वसन हवं, म्हणजे ऑक्सिजन हवा. पण हेच विकर ऑक्सिजन लागला की निकामी होतं. या पेचातून वाट काढतं लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातलग. ते ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं आणि जिवाणूंना बेताबेताने पुरवतं. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच.

एक सावधगिरी. वालाच्या शेंगा खुडल्या की बरंचसं नत्र दाण्यांबरोबर आपल्या स्वयंपाकघरात जातं. जमिनीला द्यायचं असेल तर ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं पेरून ती फुलावर येताच गाडायला हवीत. निबर झाली की कुजायला वेळ घेतात. बांधावर गिरिपुष्प लावलं तर त्याचा पाला लावणीआधी चिखलात तुडवता येतो. तेही शेंगवर्गीयच झाड.

भातानंतर ओलीवर वाल पेरला की फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप अलगद, मातीसकट उपटा. गाठ नखाने चिरा. आत गुलाबी दिसलं तर काम चालू आहे. पांढरी निघाली तर पुढच्या पेरणीला वाल-चवळी गटाचं रायझोबियम आणा, हरभऱ्याचं इथे चालत नाही. किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.