पंगत उठेना, पाने उचलेनात

रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे रोजचे भाव दाखवणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळाची देखभाल मी करते. एका सकाळी ते उघडायला वीस-वीस सेकंद लागू लागले आणि कित्येक शेतकऱ्यांना भावाऐवजी नुसता एरर दिसू लागला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. डिस्क मात्र सारखी धावत होती. आमचा डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल आहे. त्यात मुळात १०० कनेक्शनची, म्हणजे एकाच वेळी डेटाबेसला जोडलेल्या दुव्यांची, मर्यादा असते आणि त्यांतील ३ प्रशासकासाठी राखीव असतात. उरलेली ९७ पूर्ण भरली होती आणि त्यांतील बहुतेक स्वस्थ बसून होती.

अशा वेळी मर्यादा ३०० करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस (संगणकावर चालणारे वेगळे काम) चालवतो आणि तिला मेमरी लागते. शिवाय दुखणे जागच्या जागी राहते. आधी पाहावे ते 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' या यादीत. प्रत्येक कनेक्शन कोणत्या अवस्थेत आहे आणि कधीपासून, हे तिथे ओळीने दिसते. आमच्याकडे संकेतस्थळाच्या ८ प्रोसेस प्रत्येकी १२ कनेक्शन धरून बसल्या होत्या, म्हणजे ९६. त्यांतील मोकळी, म्हणजे नुसत्या 'आयडल' अवस्थेतली, कनेक्शन जागा अडवत होती, पण डेटाबेसचा वेग त्यांनी मारला नव्हता. सत्त्याण्णवावे कनेक्शन मात्र 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' या अवस्थेत, म्हणजे एकत्र पक्के करायच्या बदलांचा संच (ट्रान्झॅक्शन) अर्धवट ठेवून, आदल्या संध्याकाळपासून तसेच उभे होते.

या दोन अवस्थांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा. पोस्टग्रेएसक्यूएल एखादी नोंद बदलताना जुनी खोडत नाही. नवी आवृत्ती लिहितो आणि जुनी मागे ठेवतो, जी पुढे 'व्हॅक्यूम' ही सफाई काढून टाकते. पण एखादे बदल करणारे ट्रान्झॅक्शन अर्धवट उघडे असेल, तर त्याच्यानंतर निकामी झालेल्या आवृत्त्यांना, अगदी दुसऱ्या टेबलातल्या असल्या तरी, सफाई हात लावू शकत नाही. केळीच्या पानावर बसलेल्या पंगतीत वडीलधारे उठल्याशिवाय कुणी पाने उचलत नाही, तसेच हे. आमच्या भावांच्या टेबलात प्रत्येक भेटीगणिक वाचकसंख्या वाढवली जात असे, त्यामुळे रात्रभरात निकामी आवृत्त्यांचा ढीग साचला आणि चार ओळींचा भाव काढण्यासाठी डिस्कला तो सारा ढीग उपसावा लागला.

ते कनेक्शन होते शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणाऱ्या प्रोग्रामचे. तो आधी नोंद बदलायचा, मग ट्रान्झॅक्शन उघडेच ठेवून बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहायचा, आणि त्या संध्याकाळी उत्तर आलेच नाही. ते कनेक्शन तोडले, कोडमध्ये कमिट (बदल पक्के करणे) आधी आणि एसएमएस नंतर असा क्रम लावला, आणि अर्धवट ट्रान्झॅक्शन एका मिनिटात आपोआप तुटेल अशी मुदत घातली. ही सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिथे निष्क्रिय कनेक्शन मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, तसेच राहू दिले जाते.

कनेक्शन किती हवीत, याचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या रांगेच्या नियमातून निघते: कामे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला ४० क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) आणि प्रत्येकीला २५ मिलिसेकंद लागत असतील, तर सरासरी एकच कनेक्शन कामात असते. गर्दीची सोय धरूनही प्रत्येक प्रोसेसला आता ३ पुरतात.

साध्या व्हॅक्यूमने निकामी जागा पुन्हा वापरण्याजोगी झाली, पण फुगलेले टेबल आकसले नाही. त्यासाठी लागणारा 'व्हॅक्यूम फुल' टेबलाला पूर्ण कुलूप लावतो, म्हणून तो मध्यरात्रीनंतर चालवला आणि पहाटे भाव पाहणारे जागे व्हायच्या आत संपवला.