पाऊस पडला नाही, म्हणून समुद्र गेला

बोलिव्हिया देशाला समुद्र नाही, पण नौदल आहे. सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात त्यांचा सराव चालतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नकाशा उघडून बसलो, आणि मग जे जे कळत गेलं ते सगळं फिरून एकाच गोष्टीपाशी येत होतं, न पडलेल्या पावसापाशी.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अटाकामा वाळवंट. तिथल्या आरिका शहरात वर्षाचा सरासरी पाऊस १ मिलिमीटरसुद्धा भरत नाही! पूर्वेकडून येणारं बाष्प अँडीज पर्वत अडवतो (महाबळेश्वरला धो धो आणि खाली वाईला बेताचा, तसलाच प्रकार, फक्त फार मोठा), आणि पश्चिमेला समुद्र असून उपयोग नाही कारण किनाऱ्यालगत वाहणाऱ्या हम्बोल्ट या सागरी प्रवाहाचं पाणी गार, त्यावरची हवाही गार, ती वर चढतच नाही, त्यामुळे धुकं येतं पण पाऊस नाही.

आता नायट्रेट (नायट्रोजन असलेला एक क्षार) पाण्यात मिठासारखं विरघळतं. आपल्याकडच्या एका पावसाळ्यात सगळं वाहून गेलं असतं, तिथे मात्र हवेतून कण कण उतरलेलं लाखो वर्षं साचत राहिलं. त्या दगडासारख्या थराला कलिचे म्हणतात. सुरुंग लावून तो फोडायचा, चुरा करायचा, पाण्यात उकळायचा, निवळलेलं पाणी थंड झालं की खडीसाखरेसारखे पांढरे खडे धरतात. हेच चिलीचं सॉल्टपीटर, शेतात टाकलं तर खत आणि कारखान्यात नेलं तर स्फोटकं. म्हणजे १९व्या शतकातल्या युरोपला दोन्हीकडून हवंच.

यातला अँतोफागास्ताचा किनारा तेव्हा बोलिव्हियाचा होता, पण तो कागदावर. बोलिव्हियाची माणसं राहायची अँडीजच्या पठारावर, मध्ये डोंगर आणि वाळवंट, आणि किनाऱ्यावर खाणीत राबणारे बहुतेक चिलीचे, पैसा चिलीचा आणि ब्रिटिशांचा. मला वाटतं देशाचा किनारा खरा तिथेच गेला होता, युद्ध नंतर झालं. कर वाढवणार नाही असा करार १८७४ साली झालेला असताना १८७८ मध्ये बोलिव्हियाने क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर लावला, तिथे नायट्रेट काढणाऱ्या चिलीच्या कंपनीने भरला नाही, मालमत्तेचा लिलाव ठरला १४ फेब्रुवारी १८७९ ला आणि त्याच दिवशी चिलीचं सैन्य तिथे उतरलं. बोलिव्हियाच्या बाजूने पेरूही युद्धात ओढला गेला. त्याचा तारापाका प्रांत गेला, बोलिव्हियाचा सुमारे ४०० किलोमीटर किनारा गेला.

चिलीची पुढे चांदी झाली, सरकारी उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग या खड्यांतून यायचा. मजुरांना मात्र पगार म्हणून टोकन मिळायची जी फक्त कंपनीच्याच दुकानात चालायची, हे वाचून फार वाईट वाटलं. मग १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ ला जर्मनीत कारखाना सुरू झाला, आणि खत आणि स्फोटकं त्या अमोनियापासून बनू लागली. आपल्या शेतात पडणारा युरिया त्याच वाटेने आलाय. खाणी एकेक करून बंद पडल्या, हम्बरस्टोन नावाचं अख्खं खाणगाव १९६० मध्ये ओस पडलं, आणि पाऊसच नाही म्हणून तिथली लाकडी घरं अजून उभी आहेत.

किनारा मात्र चिलीकडेच राहिला. तो चिलीला देणाऱ्या १९०४ च्या तहावर बोलिव्हियाने सही केलेली आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही सांगितलं की समुद्राच्या वाटेसाठी वाटाघाटी करायचं बंधन चिलीवर नाही. तरी दर २३ मार्चला बोलिव्हियात समुद्र दिन पाळतात, आणि डोंगरातल्या ला पाझ शहरात नौसैनिक संचलन करतात.